कोविडनंतर मनाला झालेला त्रास आणि ऑनलाइन थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, माझे बाबा गेले. त्याच वर्षी ऑगस्टपासून मी ऑनलाइन थेरपी घ्यायला लागले आणि ती सव्वा वर्ष चालली. मी डॉक्टर नाही, नाशिकला अकाउंट्सचं काम करते, पण मी थेरपी घेतली हे कुणापासून लपवलं नाही म्हणून ओळखीतले, मग त्यांच्या ओळखीतले असे बरेच जण मला फोन करून विचारायला लागले. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

कोविड कधीच संपला, आता त्याच्यासाठी कसली थेरपी?

डब्ल्यूएचओने ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं सांगितलं ते साथीबद्दल. त्या दिवसांत आपण नुसते धावत होतो, बेड बघा, रेमडेसिविर बघा, सिलिंडर कुठे मिळतो बघा, रडायलासुद्धा वेळ नव्हता, त्यामुळे कितीतरी जणांचा त्रास नंतर वर आला, कुणाचा सहा महिन्यांनी, कुणाचा दोन वर्षांनी, सगळं सुरळीत झाल्यावर. हा आपल्या एकट्याचा नाजूकपणा नाही हो. पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि डिप्रेशनचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढल्याचं डब्ल्यूएचओने मार्च २०२२ मध्ये सांगितलं, आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाचा अंदाज होता की एकट्या २०२० मध्ये डिप्रेशनच्या ५.३ कोटी आणि चिंतेच्या आजाराच्या ७.६ कोटी जास्तीच्या केसेस झाल्या. वेळ निघून गेली असं काही नसतं, पाच वर्षांनी सुरू केली तरी चालते.

मला जे होतंय ते त्यातूनच आलंय हे कसं कळणार?

नेमकं कारण शोधायची जबाबदारी तुमची नाही, ते काम थेरपिस्टचं. पण काही गोष्टी मी खूप जणांकडून ऐकल्यात: कुणी जरा खोकलं की काळजात धस्स होणं, हॉस्पिटलच्या रस्त्याने जायचंच नाही म्हणून लांबून वळसा घालणं, रात्री दोन-तीनला जाग येणं, घरातल्यांचं ऑक्सिजन अजूनही तपासत बसणं, धंदा बुडाल्यापासून माणसांत मिसळावंसंच न वाटणं. यातलं काही दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलंय आणि त्याने झोप, जेवण, काम किंवा घरची नाती बिघडताहेत, तर बोलायला हवं. आणि एक, आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनही तपासून घ्या, कारण कोविडनंतरचा थकवा, काही आठवत नाही, डोकं जड राहतं हे शरीराचंही असू शकतं, थायरॉईड किंवा बी-१२ चंही असू शकतं, आणि मग माणूस उगाच स्वतःला दोष देत बसतो.

ऑनलाइन थेरपी म्हणजे नक्की काय? ते पॉझिटिव्ह राहा वगैरे सांगतात तेच का?

अजिबात नाही. माझी पहिली ओळख तशीच झाली होती म्हणून मला हे पोटतिडकीने सांगायचंय. एका अ‍ॅपवर मी पैसे भरून सेशन घेतलं, समोरच्या बाईंनी बाबांचं नाव विचारायच्या आत मला सांगितलं की जे झालं ते झालं, आता आईकडे बघून तुम्ही हसतमुख राहिलं पाहिजे, आणि ध्यानाचा एक व्हिडिओ पाठवला. मी दोन महिने पुन्हा कुणाकडे गेले नाही.

खरी थेरपी म्हणजे दर आठवड्याला ठरलेल्या वेळी ४५ ते ६० मिनिटं, त्याच माणसाबरोबर, व्हिडिओवर किंवा नुसत्या फोनवर. सुरुवातीला ते तुमचा पूर्ण इतिहास विचारतात, मग दोघं मिळून ठरवता की नेमकं काय बदलायचंय, मधल्या दिवसांत करायला काहीतरी देतात, पुढच्या वेळी त्याचं काय झालं ते बघतात. यात सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी ही पद्धत जास्त वापरली जाते, त्यात मनात येणारा विचार आणि त्याच्यामागून आपण जे करतो ते पकडून थोडं थोडं बदलायचं असतं.

समोरासमोर बसल्यासारखा फरक पडतो का?

डिप्रेशन आणि चिंतेसाठी नीट केलेली ऑनलाइन सीबीटी समोर बसून केलेल्याइतकीच उपयोगी पडते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. सगळ्याच आजारांना हे लागू नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय. माझ्यापुरतं सांगायचं तर नंतर मिळालेल्या माझ्या थेरपिस्ट मॅडम पुण्यात आणि मी नाशिकला, दर शनिवारी जाऊन येणं मला झेपलंच नसतं, आणि तेव्हा एसटीत मास्क लावलेल्या माणसाशेजारी बसायलाही भीती वाटायची. जे घरातून बाहेरच पडू शकत नाहीत त्यांच्यासाठी पहिलं पाऊल फोनवरच पडतं.

भीती जाते म्हणजे नेमकं काय करतात?

माझं उदाहरण सांगते. मला अँब्युलन्सचा सायरन सहन व्हायचा नाही, लांबून आला तरी हात गार पडायचे, टू-व्हीलर चालवणं सोडलं होतं त्यापायी. आधीची चार-पाच सेशन्स मॅडमनी ते काढलंच नाही, फक्त श्वास, झोप आणि दिवसाचं वेळापत्रक. मग एका सेशनला त्यांनी मला आईच्या फोनवर सायरनचा आवाज लावायला सांगितला, अगदी बारीक, दुसऱ्या खोलीत टीव्ही चालू असल्यासारखा, आणि दर मिनिटाला ० ते १० मध्ये किती भीती वाटतेय ते बोलायचं. पहिल्याच मिनिटाला ९. मी ओट्याची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले. मॅडम नुसत्या म्हणत होत्या, पाय जमिनीवर आहेत का बघ, आत्ता समोर काय दिसतंय सांग, मी म्हटलं कुकर, मिसळणाचा डबा, खिडकी. पंधराव्या मिनिटाला ६ झालं. तोच आवाज घरी रोज ऐकायचा होता, मग थोडा मोठा करून, मग गॅलरीत उभं राहून खरा. महिन्याभराने आकडा ३ वर आला, आणि ३ वर गाडी चालवता येते.

हे यूट्यूब बघून स्वतःच्या मनाने करू नका बरं का. याचा क्रम आणि वेग ठरवायला तज्ज्ञ लागतो, चुकीच्या वेळी केलं तर त्रास वाढतो. आयसीयूतून परत आलेल्यांना तिथले आवाज, भास, हात बांधल्याचं आठवत राहतं, त्यांच्यासाठीही हेच.

घरातलं माणूस गेलं, शेवटचं बघायलाही मिळालं नाही. याच्यावर कुठली थेरपी असते?

असते. आणि हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मला आधी सांगावंसं वाटतं की तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत, तेव्हाचे नियमच तसे होते. आपल्याकडे माणूस गेलं की घर भरतं, शेजारचे पिठलं-भात आणून देतात, कुणीतरी रात्री सोबतीला झोपतं, दहावं-तेरावं होतं, त्या सगळ्यातून दुःखाला जागा मिळते. त्या लाटेत यातलं काहीच झालं नाही. आम्ही प्लॅस्टिकमधे बांधलेले बाबा वीस फुटांवरून बघितले आणि दोन दिवसांनी दादाची टेस्ट पॉझिटिव्ह आली.

असं दुःख अडकून राहतं तेव्हा त्याला आता वेगळं निदान आहे, प्रोलाँग्ड ग्रीफ, डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ते सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकल्यावर धरतात, तेही आपल्या समाजातल्या रीतीपेक्षा ते जास्त लांबलंय का हे बघून. त्यासाठी जे करतात त्यात गेलेल्या माणसाला विसरायला कुणी सांगत नाही. झालेली गोष्ट परत परत, सावकाश सांगायची, जे टाळतोय त्याच्या जवळ जायचं, आणि त्या माणसाशी जे बोलायचं राहिलं ते बोलायचं.

हॉस्पिटलने बाबांच्या वस्तू एका पिशवीत घालून दिल्या होत्या, ती पिशवी दहा महिने माळ्यावर तशीच होती, कुणी हात लावला नव्हता. मी ती एका सेशनमध्ये उघडली, फोन स्टुलावर उभा करून, मॅडम स्क्रीनवर. चष्मा, घड्याळ, जपाची माळ, अर्धा पारले-जीचा पुडा, आणि एक चार्जर. तो चार्जर आमचा नव्हताच, बाबांचा फोन जुना, त्याला तो लागतच नाही. शेजारच्या बेडवरच्या कुणाचा तरी असणार. आठ-दहा मिनिटं मी त्या चार्जरसाठी रडले, त्यांच्या घरी तो शोधला असेल का, ते माणूस घरी गेलं असेल का. बाबांसाठी त्याआधी मला एकदाही असं रडू आलं नव्हतं. मॅडम काही बोलल्या नाहीत, सेशनची वेळ संपली तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

नंतर आम्ही घरात, उशिरा का होईना, बाबांच्या आवडीचं जेवण करून सगळ्या नातेवाइकांना बोलावलं. तुमच्याकडे जी रीत राहिली असेल ती आता करावीशी वाटली तर जरूर करा.

घरात बोलायला जागाच नाही हो, दोन खोल्यांत पाच माणसं. कसं करायचं?

माझ्या मते ऑनलाइन थेरपीतली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, नेटवर्क वगैरे त्याच्या मानाने काहीच नाही. स्वतंत्र खोली असणारे लोक आपल्याकडे किती. मी माझी जवळजवळ सगळी सेशन्स बिल्डिंगखाली लावलेल्या आमच्या वॅगन-आरमध्ये केली, काचा वर, इअरफोन, मागच्या सीटवर, कारण पुढे बसलं की वॉचमन काका येऊन विचारायचे काय ताई, गाडी चालू होत नाही का. लोक गच्चीवर करतात, शेतात करतात, ऑफिस सुटल्यावर मीटिंग रूममध्ये बसून करतात, एक मुलगी बाथरूममध्ये नळ सोडून बसायची. ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्यांनी थेरपिस्टला सरळ सांगावं, ते आधी एखादा शब्द ठरवून घेतात, तुम्ही मधेच भाजीचा विषय काढला की कुणीतरी आलंय हे त्यांना कळतं. काही जण चॅटवर किंवा ईमेलवरही घेतात, ते जरा हळू चालतं, पण चालतं.

आणि घरच्यांना एक विनंती. घरातलं कुणी आठवड्यातून एक तास फोन घेऊन बाजूला जात असेल तर दाराशी जाऊ नका, नंतर काय बोललीस असं विचारू नका, तेवढ्या वेळात दळण आणायला जा, देवळात जा. माझी आई बरोबर त्या वेळी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायची, मी न सांगता.

समोरचा माणूस खरंच शिकलेला आहे हे कसं बघायचं?

नावापुढची अक्षरं बघा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हे एमबीबीएस करून पुढे एमडी, डीपीएम किंवा डीएनबी केलेले डॉक्टर, या सगळ्यांत गोळ्या हेच देऊ शकतात, त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा किंवा दुसऱ्या राज्याचा रजिस्ट्रेशन नंबर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, त्यांचा नंबर मागा आणि कौन्सिलच्या साइटवर नाव शोधा. काउन्सेलर या शब्दापाशी जरा सावध, चांगले एमए सायकॉलॉजी करून वर्षानुवर्षं सीनियरच्या हाताखाली शिकलेले काउन्सेलर आहेत, मला भेटलेल्या मॅडम त्यातल्याच, पण आठ दिवसांचा कोर्स करून तीच पाटी लावणारेही आहेत. म्हणून बेधडक विचारा: शिक्षण काय, कुठे शिकलात, कोविडमधल्या मृत्यूंच्या किंवा ट्रॉमाच्या केसेस केल्यात का, सध्या तुम्हाला कुणाचं सुपरव्हिजन, म्हणजे सीनियरचं मार्गदर्शन, आहे का. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि जो पहिल्याच कॉलवर शंभर टक्के बरं करतो म्हणतो, वीस सेशन्सचं पॅकेज आजच घ्या म्हणतो, त्याचा फोन ठेवून द्या.

पैसे किती जातात? परवडत नसेल तर?

खाजगीत एका सेशनचे साधारण ५०० पासून २,५०० पर्यंत काहीही असू शकतात. बरेच जण परवडेल तशी फी घेतात पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत, तेव्हा विचारा, लाजू नका.

फुकट हवं असेल तर सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेकडे तिची मुख्य जबाबदारी आहे. आधी काउन्सेलर बोलतात आणि गरज असेल तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल २०१२ पासून फोन आणि ईमेलवर मोफत समुपदेशन करते. ठाण्याची आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, जी डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केली, तिथे तर मराठीत बोलणारे लोक आहेतच, त्यांच्या यूट्यूबवरच्या गप्पा घरच्यांना ऐकवायला फार छान आहेत. हेल्पलाइनवर मात्र दरवेळी तेच माणूस मिळेल असं नसतं, तिला थेरपीची जागा भरून काढायला लावू नका, वाट दाखवायला ती उत्तम.

विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कंपन्यांना मानसिक आजारही शरीराच्या आजारासारखा धरावा लागतो, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, आठवड्याच्या सेशन्सचे देत नाहीत. पॉलिसीत ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेले उपचार, आहे का ते बघा. नोकरी असेल तर एचआरला विचारा, पुष्कळ कंपन्यांमध्ये काही सेशन्स मोफत असतात आणि कुणाला पत्ताच नसतो.

गोळ्या ऑनलाइन मिळतात का? सवय लागेल का?

डॉक्टर व्हिडिओवर तपासून प्रिस्क्रिप्शन देऊ शकतात, त्याची टेलिमेडिसिनची नियमावली २५ मार्च २०२० ला आली, म्हणजे बरोबर लॉकडाउनच्या पहिल्या दिवशी. पण एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली आणि शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधं ऑनलाइन लिहून देता येत नाहीत, त्यामुळे झोपेच्या काही गोळ्यांसाठी तुम्हाला प्रत्यक्ष जावंच लागेल, तिथे डॉक्टरांशी वाद घालू नका. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि केमिस्टकडून कुणाचं जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवून झोपेची गोळी आणणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं, कृपा करून करू नका.

मी बोललेलं बाहेर जाईल का?

कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, मुख्य अपवाद तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हाचा किंवा कोर्टाने मागितलं तर. तुमच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करायचं नाही, तुम्हीही करायचं नाही. अ‍ॅपवर असाल तर ते माहिती कुणाला देतात ते वाचा, आणि घरातला फोन सगळ्यांचा असेल तर चॅट आणि नोटिफिकेशन आधी बंद करा, गुपित बहुतेक वेळा तिथूनच फुटतं.

मुलांसाठी चालते का?

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना बरी जमते. लहान मुलं स्क्रीनसमोर टिकत नाहीत, त्यांच्याबाबतीत थेरपिस्ट बऱ्याचदा आईवडिलांनाच शिकवतात. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा पहिलीत जाणाऱ्या पोरांनी जवळपास दोन वर्षं वर्ग धड बघितलाच नाही, ती आता मोठी झालीत, त्यांच्यातली काही अजून गर्दीत बुजतात, त्यांना बोल लावू नका.

आजीला व्हिडिओ वगैरे जमत नाही.

साधा फोन पुरतो. दर वेळी ठरलेल्या वेळेला लावून द्या, स्पीकर नको, आणि तिथून उठा.

आम्ही परदेशात आहोत, भारतातल्या मराठी थेरपिस्टकडे जाऊ शकतो का?

आईवडील इकडे वारले आणि विमान बंद म्हणून येता आलं नाही अशी कितीतरी जण तिकडे आहेत, आणि त्यांना हे इंग्लिशमध्ये सांगताच येत नाही हे मला समजतं. पण अमेरिकेत थेरपीचं लायसन्स राज्यानुसार असतं, पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं, म्हणून इथले बरेच थेरपिस्ट नाही म्हणतात. आधी तिकडेच मराठी बोलणारे लायसन्सवाले शोधा, आणि तातडीच्या वेळी तुमच्या जवळ कोण पोचू शकेल हे ठरवून ठेवा.

ऑनलाइन कधी चालत नाही?

जीव द्यायचे विचार येताहेत आणि कसं करायचं हेही डोक्यात आहे, नसलेले आवाज ऐकू येताहेत, दारू सोडताना हात थरथरताहेत, दिवसेंदिवस जेवण-झोप नाही, किंवा घरात मारहाण होतेय आणि मारणारा त्याच घरात आहे, अशा वेळी स्क्रीनवर थांबू नका. प्रत्यक्ष माणसाजवळ जा. १४४१६ ला कधीही लावा, तातडी असेल तर ११२, नाहीतर सिव्हिल हॉस्पिटल गाठा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे मानसिक आजारांचे उपचार मिळतात. आणि हे वाचताना कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला असेल तर आजच त्याला सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. त्याच्याजवळ बसून राहा, गोळ्या, कीटकनाशक असलं काही हाताशी ठेवू नका.

किती सेशन्स लागतात? थेरपिस्ट पटला नाही तर?

साध्या चिंतेला आठ-बारा सेशन्सही पुरतात, माझ्यासारखं गुंतलेलं असेल तर जास्त. तीन-चार सेशन्स देऊन बघा, तरी मोकळं वाटत नसेल तर त्यांनाच सांगा आणि दुसरे बघा, त्यात त्यांचा अपमान नाही.

पहिल्या सेशनला बोलू काय?

जे तोंडात येईल ते. मी पहिली वीस मिनिटं फक्त बेडसाठी केलेले फोन सांगत होते, कुणाला लावला, कोण काय म्हणालं, कुठे रिंग जाऊन कट झाली, एकेक, क्रमाने, सतरा फोन. मला वाटलं त्या वैतागतील. त्यांनी मधेच एकदा विचारलं, अकराव्यानंतर कुणाला लावलास, तो सुटला सांगताना. त्या मोजत होत्या.

फोन चार्ज करून बसा, पाण्याची बाटली घ्या, आणि सेशननंतर लगेच कुणाला भेटायचं ठरवू नका, अर्धा तास मोकळा ठेवा. कॉल कट झाला तर परत कोण लावणार हे सुरुवातीलाच विचारून घ्या.